गॅलिट्झिनहून, बाबांना आणि आईला

गॅलिट्झिन, पेनसिल्व्हेनिया
रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज एकदम बारीक झाला, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. बर्फात गाडी हळूच चालवतो. डोंगरातल्या खेड्यात खोली घेतली ती काही अडचण आली म्हणून नाही, शहरातल्यापेक्षा भाडं कमी पडतं म्हणून. आणि हा डोंगर म्हणजे काही हिमालय नव्हे. गाव साधारण ६५० मीटरवर आहे, आपल्या कोल्हापूरपेक्षा थोडंसंच उंच. गावाखालून बोगदा जातो म्हणून घर खचेल ही भीती तर मनातून काढूनच टाक, आई. तो १८५४ पासून उभा आहे.

बाबा, हे गाव तुम्हाला दाखवायला हवं होतं. वस्ती दोन हजारांच्या आत, रुकडीपेक्षा लहान. अ‍ॅलेघेनी डोंगर आडवा आल्यामुळं पूर्वी पूर्वेकडचा माल पश्चिमेला जाईना. म्हणून १८३४ मध्ये लोकांनी कालव्यातल्या होड्याच गाड्यांवर चढवल्या आणि दहा उतारांवरून दोरांनी ओढून डोंगरापार नेल्या. पुढं पेनसिल्व्हेनिया रेल्वेनं खाली अल्टूनाजवळ घोड्याच्या नालासारखं मोठं वळण काढलं आणि माथ्यावर बोगदा पाडला. वळणाचं काम आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यानं केलं. आपली मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, म्हणजे ही ३७ वर्षांनी थोरली. चढ बोर घाटापेक्षा सौम्य आहे, तिथं ३७ फुटांत १ फूट चढ, इथं ५० फुटांत १ फुटापेक्षाही कमी. तरी मालगाडी लांबच लांब, त्यामुळं मुंबईहून येताना कर्जतला लागतात तसे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, इथंही मागून लागतात. ते जोर लावून वर आले की माझ्या फळीवरचा स्टीलचा पेला थरथरतो. पेला वाजला की तुम्ही ड्युटीवरून आलात असं वाटतं.

इथली एक गोष्ट मात्र मला महिनाभर कळली नव्हती. बोगद्याच्या तोंडाशी छोटी बाग आहे. शनिवारी-रविवारी तिथं लांबून माणसं येतात. घडीच्या खुर्च्या, थर्मास, दुर्बीण, मांडीवर वही. कुणाला सोडायला नाही, कुणाला आणायलाही नाही. इथं प्रवासी गाडी थांबतच नाही! नुसती गाडी बघायची, इंजिनाचा नंबर लिहायचा, ड्रायव्हरला हात करायचा, पुन्हा बसायचं. रेडिओवर गाडीवाल्यांचं बोलणं ऐकतात, म्हणजे पुढची कधी येणार ते कळतं. बँकर एकटाच परत उतरला तरी उठून उभे राहतात. आपल्याकडं गाडीसाठी कुणी असं बसेल का? मग एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी सांगितलं, रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे, आता रिटायर झाले. त्यानं खुर्ची सरकवून मला बसवलं आणि तुमच्याबद्दल तासभर विचारलं. तेव्हापासून मीही जाऊन बसतो.

पैसे शुक्रवारी टाकलेत. घराचा हप्ता, हॉलचा ॲडव्हान्स आणि धाकटीच्या शालूचे, तिन्हींचे वेगळे करून ठेवा. बाबा, दागिन्यांसाठी सोसायटीतून कर्ज काढू नका, मी मार्चपर्यंत भरतो. लग्नाला येणार म्हणजे येणार. नऊ दिवसांची रजा मंजूर झालीय, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. मावशीनं आणलेल्या स्थळाचं आल्यावर बोलू, तोपर्यंत त्यांना शब्द देऊ नका. मुलीला मी कुठं राहतो ते आधी नीट सांगा, शहर म्हणून सांगू नका.

बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या रात्री मी इथं बोगद्यापाशी बसलो होतो. अकरा गाड्या गेल्या तेव्हा धाकटीचा फोन आला की तुम्ही शुद्धीवर आलात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आता जिना चढताना कठडा धरत जा. मला आणायला स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षा करून येतो.

तुमचा
बाळू