काळी चार ऐकणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहू का विचारलं तर "नको हो" म्हणालात, म्हणून नुसतं दादा. गेल्या रविवारी डोंबिवलीला आमच्या घरी येऊन तुम्ही बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केलात. पैसे दिले, चहा झाला, तुम्ही गेलात. पण तेवढ्यावर फिटलं असं काही वाटेना, म्हणून लिहितेय.

आईची तक्रार एवढीच होती, की दुसरी बाजू लावली की गाणं उतरतं, म्हणजे सूर खाली जातो. पहिले मेकॅनिक आले, दोन मिनिटं रेकॉर्ड फिरवून "चालतोय की!" म्हणाले आणि ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा सल्ला देऊन गेले. मग एका दुकानाने मशीन दीड महिना ठेवून घेतलं, पिन बदलली, बिल लावलं. गाणं उतरायचं ते उतरतच राहिलं. पुन्हा फोन केला तर विचारतात, "आजींचं वय काय?" फोन स्पीकरवर होता. आईने ऐकलं, प्लेअरवर कापड टाकलं आणि विषय बंद केला. खरं सांगते, तोवर मलाही वाटायला लागलं होतं, की तिचे कानच असतील.

तुम्ही आलात आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच ठेवलात. आधी आईला विचारलंत, "काकू, किती उतरतं?"

किती! हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "काळी चारचं गाणं पांढरी पाचवर येतं." म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर लगतच्या खालच्या, पाचव्या पांढऱ्या पट्टीवर.

"मग पेटी काढा," तुम्ही म्हणालात.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, पलंगाखाली होती. तुम्हीच वाकून ओढलीत, धूळ झटकलीत आणि जमिनीवर मांडी घालून बसलात. एक बाजू पूर्ण ऐकलीत, मग दुसरी. आई स्वर धरून, तुम्ही डोळे मिटून. बऱ्याच वेळाने म्हणालात, "बरोबर आहे काकू. अर्धा स्वर गेला."

मग रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवून मला फेऱ्या मोजायला बसवलंत. मिनिटाला 33⅓, म्हणजे तीन मिनिटांत 100 भरायला हव्यात. भरल्या 94. पुढे मोटर खोलून काय काय केलंत ते मला फारसं कळलं नाही. मोटरचा दांडा फिरतो त्या बुशमधलं तेल वाळलं होतं, मोटर तापली की जड व्हायची, एवढं समजलं. दोन मिनिटांत ते कुणाला सापडणार होतं? त्यासाठी बसावं लागत होतं, आणि 79 वर्षांच्या बाईचं म्हणणं खरं धरावं लागत होतं.

हल्ली दवाखान्यात, बँकेत, कुठेही जा, आईशी कुणी बोलत नाही, तिच्याबद्दल माझ्याशी बोलतात. तुम्ही अडीच तासांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीत, हात धुवायला साबण.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजल्या, बरोबर 100. आईने तरी पेटीवर पडताळून पाहिलंच.

तुमची शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आमच्याकडे राहिली आहे. न्यायला कधीही या. फक्त सातनंतर या, असा आईचा निरोप आहे, त्याआधी दुसरी बाजू चालू असते.