संवर्धित मांस : चवीपेक्षा द्रावणाचा आणि विजेचा प्रश्न

मा. संपादक,
स. न.

मांसाला पर्याय ठरू पाहणाऱ्या पदार्थांची चर्चा होते तेव्हा वनस्पतीजन्य मांस आणि पेशींपासून वाढवलेले संवर्धित मांस यांना एकाच पंगतीत बसवले जाते. त्यामुळे एकाच्या अडचणी दुसऱ्याच्या माथी मारल्या जातात, एकाच्या यशाचे श्रेय दुसऱ्याला मिळते आणि मूळ वैज्ञानिक प्रश्न बाजूला राहतो.

वनस्पतीजन्य मांसापुढील तांत्रिक प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेले आहेत. सोयाबीनची किंवा वाटाण्याची प्रथिने ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एक्स्ट्रुडर या यंत्रातून काढली की त्यांना तंतुमय पोत येतो. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत आढळणारे लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन यीस्टकडून तयार करून घेऊन ‘इम्पॉसिबल फूड्स’ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये बर्गर बाजारात आणला, आणि मांसाचा रंग व चव यांत हीम या लोहयुक्त रेणूचा वाटा किती मोठा आहे हे त्यातून दिसले. आता उरले आहेत ते मिठाचे प्रमाण, वरून घालावे लागणारे ब-१२ जीवनसत्त्व आणि किंमत हे प्रश्न.

संवर्धित मांसाची गोष्ट निराळी आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट विद्यापीठाचे संशोधक मार्क पोस्ट यांनी २०१३ मध्ये लंडन येथे सादर केलेल्या पहिल्या बर्गरला सुमारे अडीच लाख युरो खर्च आला होता. स्नायूंतील मूळपेशी वाढवण्यासाठी साखर, अमिनो आम्ले, क्षार आणि वाढीला चालना देणारी प्रथिने असलेले द्रावण लागते. पूर्वी त्यात वासराच्या भ्रूणाच्या रक्तातून मिळवलेले सीरम वापरत असत. म्हणजे प्राणिहत्या टाळण्यासाठी काढलेला मार्ग पुन्हा कत्तलखान्याशीच येऊन थांबत असे. सीरमविरहित द्रावणे आता उपलब्ध झाली आहेत, परंतु वाढीची प्रथिने स्वस्तात आणि प्रचंड प्रमाणात बनवणे हे आव्हान कायम आहे. शिवाय प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी पेशीभित्तिका नसल्यामुळे मोठ्या टाकीत द्रावण जोरात ढवळले की त्या फुटतात, आणि हळू ढवळावे तर प्राणवायू सर्वत्र पोहोचत नाही. या पेशींना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. अनुकूल स्थितीत काही जिवाणू मात्र अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. टाकीला जनावरासारखी रोगप्रतिकारशक्ती नसते, म्हणून जिवाणूंचा शिरकाव झाला की सगळी खेप वाया जाते. औषधनिर्मितीत एवढी निर्जंतुकता परवडते, कारण तेथे थोड्याशा मालाला भरपूर किंमत मिळते; रोजच्या अन्नाचे तसे नाही.

संवर्धित मांस पर्यावरणाला हितकारक आहे, या दाव्यांनाही हीच तपासणी लावावी. गुराढोरांचा मिथेन वातावरणात सुमारे १२ वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके राहतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, संवर्धनाला लागणारी ऊर्जा जीवाश्म इंधनातून येत असेल तर दीर्घ काळात हे मांस गोमांसापेक्षा सरस ठरेलच असे नाही. जमिनीची बचत मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अशा स्थितीत इटलीने २०२३ मध्ये आणि अमेरिकेतील फ्लोरिडा व अलाबामा या राज्यांनी २०२४ मध्ये संवर्धित मांसावर घातलेली बंदी मला अनाठायी वाटते. ज्या मालाचे उत्पादनच अजून नगण्य आहे, त्याला कायद्याने रोखून पशुपालकांचे कोणते हित साधले, हे समजत नाही. याउलट, २०२० मध्ये सर्वप्रथम परवानगी देणाऱ्या सिंगापूरमध्ये २०२४ साली दुकानात आलेल्या एका उत्पादनात कोंबडीच्या संवर्धित पेशी केवळ ३ टक्के होत्या आणि बाकीचा भाग वनस्पतीजन्य होता. नजीकच्या काळात असेच मिश्र पदार्थ येतील, असा माझा अंदाज आहे, आणि त्यात गैर काही नाही. परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी मात्र संवर्धित पेशींचे प्रमाण, वापरलेले द्रावण आणि दर किलोमागे खर्च झालेली वीज या तीन गोष्टी वेष्टनावर छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे.

आपला,
एक वाचक