हॉर्नशिवाय उज्जैन

रामबाग, इंदूर
२८ जुलै

प्रिय सुध्या,

तुझी गाडी गरम झाली की बंद पडते आणि तासाभराने आपोआप चालू होते, असं तू फोनवर म्हणालास. त्यावर सांगण्यासारखं आता माझ्याकडे आहे, कारण परवा माझीच फजिती झाली.

आईला महाकालाला न्यायचं होतं. सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली. सेल्फ झकास घेतोय, इंजिन गरगर फिरतंय, पण पकडत नाही. शेजारचे काका टॉवेलवरच आले, "बॅटरी गेली!" अरे, बॅटरी गेली असती तर सेल्फ रडत फिरला असता, नाहीतर नुसतं कट्‌कट् झालं असतं. पण मीही शहाणा. इतके सेल्फ मारले की चांगली बॅटरी खरंच मलूल झाली.

शेवटी कोपऱ्यावरच्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मला म्हणाले, "भिया, पीछे बैठो और चुप रहो." पेट्रोलचा पंप टाकीत, मागच्या सीटखाली असतो. किल्ली नुसती ऑन केली की तो दोनेक सेकंद गुणगुणतो, लाइनीत प्रेशर भरतो आणि थांबतो. मी कान लावून बसलो. ढिम्म शांतता.

फ्यूज शाबूत निघाला. मग त्यांनी पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट सोडणारा छोटा स्विच, उपटला. पाय हिरवेगार, पावसाचं पाणी शिरलेलं. शेजारीच हॉर्नचा रिले होता. दोन्हींवरचा नंबर जुळवून पाहिला आणि तोच पंपाच्या जागी ठोकला. किल्ली ऑन, आणि मागून बारीकसा 'हूं'! दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

आता तुझं. तुझा पंप गुणगुणत असेल तर प्लग काढून बघ. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटाही बघ. जरासुद्धा हलला नाही, तर उस्तादांचा संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. गरम झाल्यावर तो दगा देतो आणि निवल्यावर शहाण्यासारखा वागतो. तुझं दुखणं मला तेच वाटतं. स्कॅनर लावून खात्री कर, उगाच पंप बदलू नकोस. आणि सेल्फ कधी अचानक हलका, भलताच भरभर फिरायला लागला, तर लगेच थांब. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. त्यावर आणखी सेल्फ मारणं काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या जिवावर येतं.

स्पेअरची दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत आणि आई थांबायला तयार नव्हती. म्हणून उज्जैनपर्यंतचे पंचावन्न किलोमीटर हॉर्नशिवाय गेलो. इंदूरच्या रस्त्यावर, विचार कर! बाबा खिडकीतून हात काढून "ओ भिया, बाजू में!" ओरडत होते. घसा बसलाय त्यांचा.

नवा रिले बसवलाय. पण आई आता मागे बसली की मला लगेच सेल्फ मारू देत नाही. हात वर करते, मान तिरकी करून ऐकते आणि म्हणते, "हं, गुणगुणला मेला. चल."

तुझाच,
बाळ्या