विक्रांतच्या नावाने विकलेलं पितळ : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आईसाठी ऑनलाइन एक स्मृतिचिन्ह मागवलं. मखमली डबी, आत नांगर कोरलेलं पदक, सोबत सोनेरी अक्षरांतलं प्रमाणपत्र : 'आयएनएस विक्रांतच्या अस्सल पोलादापासून'. किंमत अडीच हजार. माझे बाबा नेव्हल डॉकयार्डात बॉयलरमेकर होते, जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या बॉयलरमध्ये शिरून काम केलेला माणूस. आईने पदक देव्हाऱ्यात ठेवलं. भाच्याने सहज फ्रिजवरचा लोहचुंबक लावून पाहिला, तर चिकटेना. कडेला कानस मारली, आतून पिवळंधम्मक पितळ!

विक्रेता फोन उचलत नाही. तक्रार द्यायला गेलो, तिथल्या बाईंनी विचारलं, "काका, ते पोलाद जहाजाचंच, हे ठरवणार कोण?" साहेब, आता तुम्हीच सांगा, कोण? कुठला पत्रा कुठल्या भट्टीत गेला, याची नोंद मला तरी कुठे सापडली नाही.

संरक्षण खातं केंद्राकडे, हे मला शिकवू नका. विक्रांतच्या संग्रहालयाच्या घोषणा राज्यातल्याच सरकारांनी केल्या होत्या. १९६१ ते १९९७ नौदलात राबलेली, १९७१ ला चितगाव-कॉक्सबाजारवर विमानं सोडणारी ही नौका २०१४ मध्ये साधारण साठ कोटींना विकली आणि मुंबईतल्याच दारुखान्यात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तिच्यावर गॅसकटर चालले. सोळा हजार टन वजन धरलं तर किलोला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. हिशेब ढोबळ आहे, तुमच्याकडे नीट असेल तर छापा. त्या चाळीस रुपयांच्या लोखंडाच्या नावावर आज छटाकभर पितळ अडीच हजारांना खपतंय. भंगारवाल्याला दोष कशाला देऊ? बजाजने २०१६ मध्ये तेच पोलाद वापरून मोटारसायकल काढली, पण राजरोस सांगून काढली.

मग आली विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेची पाळी. २०१८ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिच्या संग्रहालयासाठी ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. २०२० मध्ये विराट मुंबईतून निघाली ती थेट गुजरातेत अलंगला, तोडायला. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर उभी आहे, शाळेची पोरं आत फिरतात. आमच्या वाट्याला डॉकयार्डाच्या लायन गेटसमोरचं विक्रांतचं शिल्प. चांगलं आहे, पण त्याच्याभोवती ट्रॅफिक फिरतं.

आम्हा गिरणगावकरांना हे नवं नाही म्हणा. गिरण्या पाडल्या, भोंगे बंद केले, नावं तेवढी मॉलच्या पाट्यांवर ठेवली. बाबा गेले तेव्हा डॉकयार्डातले चार जुने सोबती खांदा द्यायला आले होते, सरकारचं कुणी नाही. त्यांना विक्रांतचा एक खिळा जरी कुणी आणून दिला असता! तो मिळतो कुणाला, तर कार्यक्रमात शाल-श्रीफळासोबत पाहुण्यांना.

मागणं फार नाही. निवृत्त जहाजाच्या धातूची वस्तू विकायची तर तिच्यावर क्रमांक आणि नौदलाच्या नोंदीचा दाखला सक्तीचा करायला केंद्राला सांगा. आणि पहिला हक्क जहाजावर राबलेल्यांना द्या, खलाशी असो की बॉयलरमेकर, तोही फुकट.

उत्तर द्यायचंच असेल तर 'आपले पत्र योग्य त्या विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे वाक्य वगळून द्या. तशी पत्रं माझ्याकडे रग्गड आहेत, आणि त्यांचा कागद निदान अस्सल सरकारी आहे.

आपला,
डॉकयार्डातल्या एका बॉयलरमेकरचा मुलगा
काळाचौकी, मुंबई