‘साउंडप्रूफ’ खिडक्या आणि सरकारी अनुदानाची थाप

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष खिडक्या आणि विक्रीच्या वेळी दिलेली खोटी माहिती यांबाबत तक्रार

महोदय,

जानेवारीत आम्ही तुमच्या कंपनीकडून हॉलची एक आणि बेडरूमच्या दोन, अशा तीन यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडक्या बसवून घेतल्या. 1 लाख 86 हजारांचं बिल पूर्ण चुकतं केलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. खिडक्या दिसायला छान आहेत. धूळ कमी येते, खालच्या रिक्षांचे हॉर्नही बरेच दबले. विमान मात्र पूर्वीसारखंच घरातून जातं.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनजवळ राहतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. धावपट्टी इथून अडीच-तीन किलोमीटर. उतरणारं विमान दर किलोमीटरला साधारण 50 मीटर खाली येतं, म्हणजे आमच्या डोक्यावर ते जेमतेम दीडशे मीटरवर असतं. बाहेर काढलेली चाकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गर्दीच्या वेळी एक गेलं की मागचं दिसायला लागतं. फोनवर बोलताना ‘थांब, विमान जाऊ दे’ म्हणायची सगळ्या घराला सवय झाली आहे. रात्री दोन-अडीचलाही सुटका नाही. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, तेवढे एकटेच निवांत झोपतात. नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं तेव्हा थोडी आशा वाटली होती, पण आमच्या कानांना अजून तरी फरक जाणवलेला नाही.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला माहीत होतं. त्याच भांडवलावर ते दारोदार फिरत होते. ‘40 डेसिबल कमी करून देतो’ असं त्यांनी कोटेशनवर हातानं लिहून दिलं. त्याच कोटेशनवर ‘केसमेंट, लॅमिनेटेड काच’ असंही आहे, म्हणजे दारासारखी उघडणारी खिडकी आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेली काच. प्रत्यक्षात आल्या सरकत्या खिडक्या, त्यात 5 मिलिमीटरच्या दोन साध्या काचा आणि मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी. विचारलं तर बसवणारे कारागीर म्हणाले, ‘मॅडम, केसमेंट ग्रिलला अडते, हीच बसणार.’ ग्रिल काही रातोरात उगवलं नव्हतं. माप घ्यायला आलेल्या माणसाला ते दिसलं नाही का?

सरकत्या खिडकीचे पल्ले ब्रशच्या पट्टीवर घासत जातात, केसमेंटसारखे रबरी गास्केटवर दाबून बसत नाहीत. मी पंखा लावून, खिडकी घट्ट बंद करून जुन्या पद्धतीनं तपासलं. दोन पल्ले मधोमध जिथे भेटतात तिथे उदबत्ती धरली की धूर थरथरतो आणि फटीकडे वळतो. पल्ल्याखाली सरकवलेली कागदाची पट्टी दोन बोटांनी ओढून निघते. जिथून हवा जाते तिथून आवाजही येतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं असं नाही. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये नुसता फोम भरला आहे, बाहेरून सिलिकॉनही सगळीकडे नाही. शिवाय विमानाचा आवाज जड, घरघरणारा. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की ठरावीक आवाजाला दोन्ही एकदमच कंप पावतात, म्हणून जाडी वेगवेगळी ठेवतात आणि एक काच लॅमिनेटेड घेतात. तुमच्या ब्रोशरमधला 40 चा आकडा प्रयोगशाळेतल्या काचेच्या नमुन्याचा आहे, तेही बारीक अक्षरात छापलंय. तक्रारीनंतर तुमच्याच माणसानं, तुमच्याच मीटरवर आवाज मोजला: खिडकी उघडी असताना 84 डेसिबल, बंद केल्यावर 66. म्हणजे 18 कमी. त्यानं तो कागद माझ्यासमोर लिहिला आणि प्रत मागितल्यावर ‘ऑफिसमधून पाठवतो’ म्हणून निघून गेला.

इथवर ही माझ्या घरची गोष्ट झाली. पण मी आमच्या सोसायटीची सचिवही आहे, आणि दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे.

विमानांच्या आवाजाबद्दल केंद्र सरकारला आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला निवेदन द्यायचं म्हणून आमच्या गल्लीतल्या इमारती सह्या गोळा करत होत्या. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. 2018 च्या अधिसूचनेनं वर्दळीच्या विमानतळांच्या परिसरात ती दिवसा 70, रात्री 65 केली. तीही सरासरीनं, आणि सरासरीत विमान सहज लपतं: दोन विमानांमधली शांतता हिशेबात धरली की दचकून उठलेलं माणूस कागदावर झोपलेलंच राहतं. म्हणून आमची मागणी होती की घराघरांत रीतसर मोजणी करा, रात्रीच्या विमानांवर बंधन आणा आणि खिडक्यांचा खर्च विमानतळाच्या शुल्कातून द्या. अमेरिकेत सरासरी 65 डेसिबलच्या वरच्या पट्ट्यातल्या पात्र घरांना अशी मदत मिळते, लंडनच्या हीथ्रोभोवतीही मिळते. आपल्याकडे मात्र अशी कुठलीही योजना नाही.

नेमकं तेच ‘आहे’ म्हणून तुमच्या प्रतिनिधीनं सांगितलं. ‘आधी खिडक्या लावा, बिल ठेवा, विमानतळाजवळच्या घरांना सरकार 50 टक्के परत देतंय, फॉर्म आम्ही भरू.’ माझ्या शेजाऱ्यांना हेच व्हॉट्सअॅपवर लिहून आलंय, स्क्रीनशॉट जोडले आहेत. लोकांनी खिडक्या घेतल्या आणि सह्यांचं काम तिथेच थांबलं. ‘सरकार देतंच आहे तर भांडायचं कशाला?’ असं आता मला जिन्यात ऐकवलं जातं. फॉर्म अर्थातच कुणाला मिळाला नाही.

तेव्हा कोटेशनप्रमाणे केसमेंट आणि लॅमिनेटेड काच बसवून द्या, ग्रिल बदलायचा खर्चही तुमचा. जमत नसेल तर खिडक्या काढून न्या, पूर्ण पैसे परत करा आणि भिंत होती तशी करून द्या. अनुदानाची कोणतीही योजना नाही, हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आमच्या गल्लीतल्या तुमच्या प्रत्येक ग्राहकाला पाठवा, आणि एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावायला द्या. आणि विक्रीच्या वेळी घरोघरी उघड्या खिडकीशी घेतलेली आवाजाची मोजमापं, तारीख, वेळ आणि मीटरच्या कॅलिब्रेशनच्या (मीटर अचूक असल्याच्या) दाखल्यासह त्या त्या घरच्यांना द्या. माल खपवायला ती चालली, आता निवेदनाला जोडायची आहेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, फोन नको. नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करीन. शेजारी सोबत येणार आहेत.

आपली ग्राहक,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था
घाटकोपर (पश्चिम), मुंबई

सोबत: बिल, कोटेशन, व्हॉट्सअॅप संदेशांचे स्क्रीनशॉट, खिडक्यांचे फोटो