गाडी ओढते, पण आवरते का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या छंदावर लेख आला होता, छान होता, फोटो पण भारी होते. पण त्यात एक वाक्य होतं की जुनी कार ट्रेलरवर टाकून न्यायची असेल तर मागे हुक लावलेली कुठलीही दणकट फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, चालते. हे वाक्य वाचलं आणि माझा चहा गार झाला, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण हेच समजत होतो आणि त्याचा हिशोब मला खंबाटकी घाटात चुकता करावा लागला.

आमच्याकडे वडिलांची ८७ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांची फियाट, आहे. ती पुण्याला एका पेंटरकडे द्यायची होती, इंजिन बंद, ब्रेक निकामी. टोचन करून नेऊ म्हटलं तर नियमाने बंद गाडी दोरीने किंवा रॉडने फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत ओढता येते आणि दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर चालत नाही, कराड ते पुणे दीडशे किलोमीटर ओढत नेणं म्हणजे वेडेपणाच. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चॅनेल टाकून चार चाकांची ट्रॉली करून घेतली. तो म्हणाला, काय काळजी करता, ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतो की बिनब्रेकच्या. मला पण पटलं. आता कळतंय की ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसने जातो आणि तरी उताराला ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळतं, आपण सत्तरने जाणार होतो.

ओढायला आमची घरची जुनी एसयूव्ही, लॅडर चेसिसवाली, म्हणजे खाली शिडीसारखी जाड लोखंडी चौकट असलेली. ताकद भरपूर. कराडातून निघालो, साताऱ्यापर्यंत काही कळलं पण नाही की मागे काही आहे, उलट मी बायकोला फोन करून सांगितलं की लोण्यासारखी चाललीय. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुण्याच्या बाजूला तो उतार आणि एस वळण आहे ना, तिथे मागून कोणीतरी शेपटी धरून हलवतंय असं वाटलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. घाबरून मी ब्रेक दाबला, ती दुसरी चूक. आपली गाडी हळू झाली पण मागची बिनब्रेकची ट्रॉली थांबायला तयार नाही, ती ढकलायला लागली आणि ढकलता ढकलता आडवी यायला लागली, मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसलेला, शेवटी ट्रॉली कठड्याला घासून शांत झाली. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. खाली एका ढाब्यावर थांबून बघितलं तर हुकाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेलेली. पुढचा प्रवास पद्मिनीने फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट हौद्याच्या ट्रकवर, केला, साडेसात हजार दिले आणि गुपचूप दिले.

चूक गाडीची नव्हती, माझीच होती, आणि एक नाही तर तीन होत्या. पहिली चूक वजनाची. नंतर सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. पद्मिनी साधारण ९०० किलो, ट्रॉली निघाली ६५०, म्हणजे मागे १५५०, आणि ओढणारी गाडी १६००. म्हणजे जवळजवळ जोडीला जोड. माझा साडू लीड्सला असतो, तिकडे गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढायची फॅशन आहे, तो फोनवर हसायलाच लागला. म्हणाला इकडे नवशिक्यांना सांगतात की मागचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे माझ्या १६००ला १३६०. ही झाली शिकवण, पण बिनब्रेकच्या ट्रेलरला तर ब्रिटनमध्ये कायदाच आहे, ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते. माझी बिनब्रेकची दीड टनाची ट्रॉली तिकडे गल्लीच्या तोंडाशीच अडवली असती. बरं तिकडे ब्रेकवाली ट्रॉली म्हणजे काही रॉकेट नाही, हुकाजवळ एक सरकणारा दांडा असतो, पुढची गाडी हळू झाली की ट्रॉली पुढे रेटते, तो दांडा आत दबतो आणि ट्रॉलीचेच ब्रेक लागतात. आपल्याकडे हे बसवून देणारा माणूस शोधायला मला दोन महिने लागले.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. इंजिन बंद होतं म्हणून आम्ही पद्मिनी ट्रॉलीवर ढकलून चढवली आणि गेटच्या बाजूने सोयीचं पडलं म्हणून उलटी चढवली, म्हणजे इंजिनाचं सगळं वजन ट्रॉलीच्या शेपटीला. बैलगाडी उलाळ, म्हणजे मागे जास्त वजन टाकून, भरली की काय होतं हे आमच्या आज्याने मला सातव्या वर्षी शिकवलं होतं, जू बैलाच्या मानेवरून वर उठायला लागतं. अगदी तेच. आमच्या गाडीचा मागचा भाग बसायच्या ऐवजी बोटभर वर उचललेला होता, निघताना मी तो बघितला पण होता, वाटलं स्प्रिंग चांगले आहेत! हुकावर थोडा भार पाहिजेच, ब्रिटनमध्ये मागच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. दीड टनाला पाच-सात टक्के म्हणजे ७५ ते १०५ किलो. हे मोजायला कुठलं मशीन लागत नाही, घरात आपण पोट बघायला जो काटा ठेवतो तो हुकाच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून लावायचा. मी नंतर पद्मिनी सुलटी चढवून करून बघितलं, पहिल्या फटक्यात ११५ आले, गाडी अर्धी वीत मागे घेतली तर नव्वद. अर्धी वीत!

तिसरी चूक हुकाची, तो बंपरच्या पट्टीला वेल्ड केलेला होता, चेसिसला बोल्ट केलेला नव्हता.

आता फोर बाय फोरबद्दल. चारही चाकं फिरली की चिखलातून, ओल्या शेतातून ट्रॉली बाहेर काढायला उपयोग होतो, हायवेच्या उतारावर तिचा काही संबंध नाही. तिथे कामाला येतं ते ओढणाऱ्या गाडीचं वजन, तिची लांबी आणि ब्रेक. थार सगळ्यांना आवडते, मला पण आवडते, पण तीन दरवाज्यांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर, आखूड गाडी मागच्या शेपटीला लवकर नाचते. बोलेरो २६८०, इनोव्हा क्रिस्टा २७५०, आणि हायलक्स किंवा डी-मॅक्ससारखे पिकअप तीन हजाराच्या वर. हायलक्सला ब्रिटनमध्ये ब्रेकवाला ट्रेलर साडेतीन टनापर्यंत ओढायची परवानगी कंपनीनेच दिलेली आहे. म्हणून आपल्याकडची तशीच दिसणारी गाडी घेऊन निघायचं असं नाही हं, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरचं वजन लिहिलंय का ते आधी बघा, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एकतर काहीच नसतं नाहीतर ओढू नका असं स्पष्ट असतं. नसेल तर कंपनीला मेल टाका, उत्तर लेखी घ्या. शोरूममधला पोरगा "हो सर ओढेल" म्हणेलच, तो फक्त ओढण्याचं सांगतो, थांबण्याचं नाही.

मोनोकॉक बॉडीच्या, म्हणजे खाली वेगळी चेसिस नसलेल्या, ज्या शहरी एसयूव्ही आहेत त्यांना तर मागून कुठेतरी हुक ठोकायच्या भानगडीत पडूच नका. आणि क्लच, घाट चढताना हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर मागे दीड टन घेऊन तो जळक्या क्लचचा वास तुम्हाला वर्षभर येत राहील.

कायद्याचं म्हणाल तर ट्रेलर हे मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते, आणि १९८८च्या त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परस्पर बदल करायला बंदी आहे. मी हुकासाठी तीन एजंटांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली, त्यामुळे मी कोणाला सल्ला देणार नाही, आरटीओत स्वतः अर्ज करून विचारा आणि विमा कंपनीला पण, कारण अपघात झाल्यावर पहिला प्रश्न ट्रॉलीच्या कागदांचाच येतो.

खरं सांगायचं तर वर्षातून दोनदा गाडी हलवणाऱ्या माणसाला स्वतःची ओढणारी गाडी लागतच नाही. फ्लॅटबेड बोलवा, गाडी चारी चाकांनी वर, पट्टे टायरवरून आवळलेले, तुम्ही मागून आपल्या गाडीत भजी खात या. कोणी छोटा हत्ती टेम्पो पण सुचवतं, त्यांना सांगा पद्मिनी जवळपास चार मीटर लांब आहे आणि हौदा त्याच्या निम्म्याला थोडा जास्त, अर्धी फियाट हवेत लोंबकळेल. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात गेल्या, आता ज्या उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्यातली एक कठड्यावर आपटली तर नवीन मिळणार नाही.

तेव्हा तुमच्या लेखातलं ते "कुठलीही दणकट" एवढं दुरुस्त करून छापाल का? आणि कोणी वाचक तशीच घेऊन निघालाच असेल आणि मागून शेपटी हलायला लागली तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका, सरळ धरा आणि फक्त एक्सलरेटर सोडा, मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आमची ट्रॉली अजून शेडमध्ये उभी आहे. एका रोपवाटिकावाल्याने मागितलीय, कुंड्या आणि आंब्याची कलमं न्यायला. त्याला देण्याआधी ब्रेक बसवून घेतलेत, आणि पुढच्या चॅनेलवर पिवळ्या ऑइलपेंटने मी स्वतः लिहिणार आहे, वजन पुढे भरा.

आपला,
एक फियाटवाला वाचक, कराड