पक्की खाच म्हणजे स्वस्तातला माल नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी माणसांच्या छंदांवरचा लेख वाचला. नाणी, घड्याळं यांच्या पाठोपाठ जुन्या रिव्हॉल्व्हरांवर एक परिच्छेद होता. संग्रहासाठी नेम धरायची मागची खाच स्क्रूनं हलवता येणारं मॅग्नमच, म्हणजे जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हरच घ्यावं, पक्क्या खाचेचं म्हणजे स्वस्तातला माल, असं त्यात म्हटलं होतं. मी ओहायोत राहतो, बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं-साचे घडवण्यात काढली आणि अशी अकरा रिव्हॉल्व्हरं बाळगून आहे. मला हे पटलं नाही. (भारतात २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा हा शौक इकडचाच, हे कबूल.)

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीची मॉडेल १९ आणि मॉडेल १३ शेजारी ठेवून बघा. चौकट, म्हणजे मूळ सांगाडा, एकाच मापाची, काडतूस तेच, .३५७ मॅग्नम. १९ हे १९५५चं, अमेरिकी सीमा गस्ती दलातल्या (बॉर्डर पेट्रोल) बिल जॉर्डनच्या आग्रहातून आलेलं. मागचं पान, म्हणजे खाचेची पट्टी, स्क्रूनं वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतं. १३ आलं १९७४ला, न्यूयॉर्क राज्य पोलिसांच्या मागणीवरून. त्यात चौकटीच्या पाठीतच सरळ चर पाडलेला; होल्स्टरमधून काढताना अडकायला किंवा आपटून हलायला तिथं काही नाहीच. एफबीआयनं आपल्या एजंटांना दिलेलं शेवटचं रिव्हॉल्व्हर तीन इंची नळीचं १३च होतं. याला स्वस्तातला माल कसं म्हणायचं?

नेमबाजीपुरतं बोलायचं तर स्क्रूवालं सरस, यात वाद नाही. पक्क्या खाचेचं रिव्हॉल्व्हर साधारण १५८ ग्रेनच्या, म्हणजे दहा ग्रॅमच्या गोळीसाठी जुळवलेलं असतं. १२५ ग्रेनची हलकी गोळी घातली की मार खाली बसतो. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण जड गोळी सावकाश जाते, नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात धक्क्यानं तोंड वर उचललेलं असतं; म्हणून जड गोळीच वर लागते.

इथंच मी फसलो. एका गन शोमध्ये मॉडेल ६५ घेतलं, म्हणजे १३चंच स्टेनलेस भावंड. सिलिंडर घट्ट, चाप मऊ, दामही बरा. रेंजवर पंचवीस यार्डांवरून प्रत्येक गोळी वीतभर वर. घरी भिंगाखाली धरलं तर पुढच्या माशीच्या, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या नेम धरायच्या उंचवट्याच्या, टोकाकडच्या रेघा गायब! आधीच्या मालकानं हलक्या गोळ्यांसाठी माशी कानशीनं घासून ठेंगणी केलेली; माशी ठेंगणी झाली की नेम धरताना नळी वर उचलली जाते. मागचं पान बिघडलं तर दुसरं मिळतं. या रिव्हॉल्व्हरांत माशी नळीचाच भाग असते, घासलेलं लोखंड परत कुठून आणणार? उभा जन्म कानस हातात धरलेल्या माणसाला हे विकत घेताना दिसू नये, याची लाज अजून वाटते.

तेव्हा पक्क्या खाचेचं जरूर घ्या. पण सिलिंडर फिरवून बघण्याआधी माशी बघा. स्क्रूवाल्यात स्क्रूंची डोकी बघा. चुकीच्या पेचकसानं कुरतडलेली असली तर कुणीतरी उगाच हात घातलाय.

ते ६५ मी विकलेलं नाही. १२५ ग्रेनची गोळी घातली की अजून नेमकं मधल्या काळ्यात लागतं. फक्त त्या ताकदीच्या हलक्या गोळ्या या चौकटीला सोसत नाहीत, नळीला मागून तडा जाऊ शकतो. म्हणून वर्षातून सहाच झाडतो.

आपला,
एक निवृत्त टूलरूमवाला, डेटन, ओहायो